ट्रीटमेंट संपली, आता पुढे काय? (ब्रेस्ट कॅन्सरनंतरचं जगणं, नाशिक परिसर)

मखमलाबाद_रोड:

नमस्कार सगळ्यांना. केमो चालू असताना काय खावं, केस कधी येतात, पोर्ट (केमो देण्यासाठी छातीत त्वचेखाली बसवतात ती नळी) बसवावा का यावर बरंच लिहिलेलं सापडतं, पण सगळं संपल्यावर काय यावर मराठीत फार कोणी बोलत नाही म्हणून हा धागा काढतेय.

माझं थोडक्यात सांगते. वय ४८, शाळेत शिकवते. डाव्या बाजूचा पूर्ण स्तन काढला, काखेतल्या लसिका गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. हार्मोन पॉझिटिव्ह आहे (म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा कॅन्सर) म्हणून आता रोज टॅमॉक्सिफेनची, हार्मोनला अडवणारी गोळी, निदान ५ वर्षं. रेडिएशन संपल्यावर घरच्यांनी पेढे वाटले, सगळे म्हणाले सुटलीस एकदाची, आणि मला त्याच्यानंतरचे महिने केमोपेक्षा जड गेले. म्हणजे बघा, केमो चालू असताना दर तीन आठवड्यांनी कोणीतरी रक्ताचा रिपोर्ट बघतं, सिस्टर नावाने हाक मारतात, आपण आजारावर काहीतरी करतोय असं वाटत राहतं. मग एकदम पुढची तारीख तीन महिन्यांनी. मधे कोण बघणार? पाठ दुखली की हाडात गेलं, डोकं दुखलं की मेंदूत गेलं, खोकला आला की फुफ्फुसात, हे आत चालू आणि बाहेर सगळे म्हणतायत आता विसर ते, पूर्वीसारखी हो.

तर पूर्वीसारखं व्हायचा हट्टच मी सोडला आणि तिथून मला बरं वाटायला लागलं, हेच मुळात सांगायचंय. पूर्वीची मी पहाटे उठून सगळ्यांचे डबे, सासूबाईंचं पथ्याचं, शाळा, संध्याकाळी घरी क्लास, वर कोणी काही मागितलं की हो. आता डावा हात तेवढं वजन घेत नाही, दुपारी थकवा येतो म्हणजे येतोच, बोलता बोलता शब्द आठवत नाही (केमोनंतर हे होतं, बहुतेकींचं हळूहळू कमी होतं असं डॉक्टर म्हणाले). मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं की क्लास बंद, डबे मिळून करायचे. पहिले काही दिवस घरात तोंडं पडलेली होती. आता मुलगा पोळ्या लाटतो, जशा होतील तशा खातो आम्ही. आणि मी सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालायला जाते, ही माझ्या आख्ख्या संसारातली पहिली गोष्ट जी फक्त माझ्यासाठी आहे.

अजून एक, आमच्याकडे ठरलं होतं की कोणाला कळू द्यायचं नाही, मुलीचं लग्न व्हायचंय. स्कार्फ बांधून टायफॉईड झाला होता म्हणून सांगायचं. ते मी यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोडलं, त्याचं नंतर लिहिते. तुम्ही कसं निभावताय ते लिहा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

द्राक्षबाग_निफाड:

ताई तुमचं वाचून घळाघळा रडले. माझं उजव्या बाजूचं ऑपरेशन झालंय. आमच्याकडं आराम असं काही नसतं हो, ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफूट काढा, विरळणी करा, जानेवारीपासून माल निघायला लागतो, सगळ्यात बाईमाणूस पुढं. डॉक्टर म्हणले काखेतल्या गाठी काढल्यात तर त्या हाताला जपा, कापू देऊ नका, टोचू देऊ नका, भाजू देऊ नका. बागेत तारा आणि कात्री आणि काड्या, कसं जपायचं सांगा? एक हंगाम तसाच काढला आणि हात सुजला, बांगड्या चढेना, ब्लाउजची बाही घट्ट. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मापाची स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) दिली, हात कसा चोळायचा ते शिकवलं, बोटांनी भिंतीवर चढत जायचा व्यायाम दिला.

मग मालकांशी बोलले. आता बागेतलं हाताचं काम कमी केलं आणि हिशोब माझ्याकडं घेतला, मजुरांची हजेरी, औषधांचा स्टॉक, व्यापाऱ्यांची येणी. कोणाकडं किती पैसे अडकलेत ते लग्नाला वीस वर्षं होऊन मला पहिल्यांदा कळलं. व्यापारी फोन करतो तेव्हा आता मालक माझ्याकडं फोन देतात. आजार आला नसता तर हे झालंच नसतं, पण म्हणून आजार बरा असं मी म्हणणार नाही, देवा नको कोणाला.

एक विचारायचंय, त्या हाताने जड काम आता जन्मभर करायचंच नाही का? कोणी म्हणतं साधी पिशवी पण उचलू नको.

पंचवटीने_दादर:

निफाडच्या ताई, माझं ऑपरेशन २०१२ चं, तेव्हा आम्हालाही तेच सांगायचे की त्या हातात पर्ससुद्धा धरू नका. आता तसं राहिलेलं नाही. २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला, हाताला सूज असलेल्या १४१ बायकांचा, त्यांच्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रकार कमी झाले. हे आमच्या फिजिओथेरपिस्टनेच मला समजावून सांगितलं होतं. पण हळूहळू, शिकून, हे महत्त्वाचं, एकदम क्रेट उचलायला जाऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. इन्फेक्शन असतं ते, अँटिबायोटिक लागतं.

माझी फॉलोअपची इतकी वर्षं सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून दादर आणि तिथून परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, संध्याकाळच्या पंचवटीने परत, अशी गेली. मखमलाबादच्या ताईंनी जे लिहिलंय आजार परत येण्याच्या भीतीचं, ते मलाही होतं, तारीख जवळ आली की आठवडाभर आधीपासून झोप नाही, घरच्यांवर चिडचिड. कसारा घाट आला की पोटात गोळा. मी दर वेळी डॉक्टरांच्या मागे लागायचे की सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करा, रक्तातला मार्कर (कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी) करा. ते नाही म्हणायचे. नंतर समजलं की काही त्रास नसताना असे स्कॅन आणि मार्कर करत राहिल्याने आयुष्य वाढत नाही, मोठ्या संस्थांच्या गाईडलाईनमध्येही ते सरसकट करू नका असंच आहे. करायचं काय तर पहिली ३ वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, मग सहा महिन्यांनी ते वर्षाने, आणि उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा. मला डॉक्टरांनी एक नियम दिला तो मी सगळ्यांना देते, नवीन दुखणं दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही किंवा वाढत चाललं तर तारखेची वाट न बघता या. त्या नियमाने मला झोप दिली. आज पाठ दुखली तर कॅलेंडरवर खूण करते आणि कामाला लागते. बहुतेक वेळा चार दिवसांत ती खूण विसरूनही जाते.

सदा_प्रसन्न:

खूप छान धागा. मी एवढंच सांगेन की पॉझिटिव्ह राहा, सगळं मनावर असतं. ज्यांनी मन खंबीर ठेवलं त्यांचा कॅन्सर पळून गेला अशी उदाहरणं पाहिलीत. गोळ्यांनी साईड इफेक्ट होतात, माझ्या माहितीत एक जण चूर्ण देतात, हवं असल्यास मेसेज करा.

मखमलाबाद_रोड:

सदा दादा, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण याला उत्तर देणं भाग आहे कारण इथे नवीन निदान झालेल्या बायका वाचतायत. केमो वॉर्डमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई असायची, येवल्याकडची, माझ्यापेक्षा कितीतरी खंबीर. सगळ्यांना हसवायची, सिस्टरला पैठणीचे रंग समजावून सांगायची. ती गेली. तिचं मन कमी पडलं म्हणून गेली असं मी कोणाला म्हणू देणार नाही. कॅन्सरच्या पेशीला आपण हसतोय की रडतोय ते कळत नाही. मन सांभाळायचं ते आपले दिवस नीट जावेत म्हणून, आणि एखाद्या दिवशी नाही सांभाळलं गेलं तर रडायचं पोटभर, त्याने आजार परत येत नाही.

आणि चूर्णाबद्दल: टॅमॉक्सिफेनने घाम फुटतो, रात्री झोप मोडते, मलाही होतंय, पण ती गोळी मधेच सोडणं हा खरा धोका आहे. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, वेळ बदलतात, गोळी बदलतात. पाळी गेलेल्यांना ही गोळी घेताना रक्तस्राव दिसला तर तोही लगेच सांगायचा. बाहेरचं काहीही घेताना आधी त्यांना दाखवा. कृपया इथे चूर्णवाल्यांचे पत्ते नकोत.

पंचवटीने_दादर:

अगदी बरोबर. मला टॅमॉक्सिफेननंतर लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी दुसरी गोळी) दिलं होतं, सकाळी उठलं की बोटं आखडलेली, चहाचा कप धरवत नसे. चालणं वाढवल्यावर फरक पडला. त्या गोळीने हाडं ठिसूळ होतात म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांच्या घनतेची तपासणी) आणि कॅल्शियम-डी विसरू नका.

सिडको_उत्तमनगर:

मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. बायकोची ट्रीटमेंट यंदाच संपली. ती कपडे बदलताना दार लावून घेते, मी खोलीत गेलो की गप्प होते. आधी आम्ही रात्री गच्चीवर बसून किती बोलायचो. मी तिला म्हणतो मला काही फरक पडत नाही, तू आहेस हेच खूप, तर ती अजून चिडते. मी चुकतोय का कुठे? कोणाला विचारणार हे, मित्रांना तर शक्यच नाही.

पंचवटीने_दादर:

दादा, विचारलंत ते फार चांगलं केलंत. तुम्हाला फरक पडत नाही हे खरं असेल पण तिला पडतो ना. ती रोज आरशात बघते, दुःख तिचं आहे आणि तुम्ही म्हणताय की दुःख करण्यासारखं काही नाहीच. माझ्या मिस्टरांनी बरेच दिवस तेच केलं. मग एकदा ते म्हणाले, मलाही वाईट वाटतं गं, तुझं बघून, तू रडलीस तर मी बसतो जवळ. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर जखम उघडी ठेवली. तिला घाई करू नका. दार लावू दे, दाराबाहेर तुम्ही आहात हे तिला कळू दे.

आणि एक स्पष्ट लिहिते, मोठी आहे म्हणून चालवून घ्या. या गोळ्यांनी, केमोने लवकर पाळी जाण्याने कोरडेपणा येतो, जवळीक दुखते, इच्छा कमी होते. ती तुमच्यावर नाराज आहे म्हणून नाही. यावर उपाय आहेत, डॉक्टरांना दोघांनी मिळून विचारा, फक्त हार्मोनचं क्रीम स्वतःच्या मनाने आणू नका.

मखमलाबाद_रोड:

+१. दादा, त्यांना नवीन स्तन तयार करायच्या ऑपरेशनबद्दल कोणी सांगितलंय का? ते पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच करावं लागतं असं नाही, नंतरही करता येतं. करायचं की नाही हे पूर्ण त्यांनी ठरवायचं. मी नाही केलं आणि मला तसंच बरं वाटतं, पण पर्याय आहे हे माहीत असणं वेगळं.

केमो_चालू_३४:

सगळ्या तायांनो, मी ३४ ची, ट्रिपल निगेटिव्ह (ज्याला हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत तो प्रकार), ऑपरेशनआधी केमो देतायत, लाल औषध संपलं आता दुसरं चालू आहे, हातापायाला मुंग्या येतात. तुम्ही सगळ्या पुढे काय म्हणताय आणि मला पुढे आहे का हेच समजत नाहीये. मुलगा पाच वर्षांचा, टक्कल बघून जवळ यायला घाबरतो. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी केलीये, मुलाला माझ्याजवळ झोपू देत नाहीत. गूगल केलं तर ट्रिपल निगेटिव्ह सगळ्यात वाईट असंच येतं.

मखमलाबाद_रोड:

बाळा, आधी ते गूगल बंद कर रात्रीचं. खोटा धीर देणार नाही, हा प्रकार आक्रमक आहे, पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. केमोला तो पुष्कळदा चांगला प्रतिसाद देतो, आणि परत येण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत जास्त असतो, ५ वर्षं निघाली की बराच खाली येतो. हार्मोनवाल्या आम्हाला धोका कमी पण लांबपर्यंत रेंगाळतो. मुंग्यांचं डॉक्टरांना नक्की सांग, डोस बघतात. आणि तुझं वय आणि प्रकार बघता जनुकाची, म्हणजे घराण्यातून येणारा धोका दाखवणाऱ्या बीआरसीएची तपासणी करायची का ते विचार, पुढच्या ऑपरेशनचा निर्णय आणि बहीण असेल तर तिचंही त्यावर ठरतं.

ताट-वाटीचं: कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने होत नाही. उद्या रेडिएशन सुरू झालं, बाहेरून मशीनने देतात ते, तरी मुलाला कुशीत घेता येतं, अंगात किरण राहत नाहीत. सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये बरोबर घेऊन जा, त्यांच्या तोंडून ऐकू दे. केमोच्या दिवसांत उलट तुलाच इतरांपासून जपायचं असतं, सर्दी-तापवाल्यांपासून. आणि मुलाला आजाराचं नाव सांग. माझ्या वर्गातली मुलं मला विचारायची बाई तुमचे केस कुठे गेले, मी सांगितलं औषध इतकं जोरदार आहे की आजारासोबत केसही जातात, मग परत येतात. त्यानंतर रोज येऊन बघायची, आले का आले का. तो घाबरतोय कारण त्याला कोणी काही सांगत नाहीये. डोक्यावरून हात फिरवू दे त्याला.

द्राक्षबाग_निफाड:

ए बहिणी मी पण ट्रिपल निगेटिव्हच आहे गं. वर लिहायचं राहिलं. आज सकाळी बागेला चक्कर मारून आले. कधीही मेसेज कर, रात्री-बेरात्री कर.

केमो_चालू_३४:

❤️ निफाडच्या ताई 🙏 आत्ता पोटभर रडले आणि जेवले.

कॉलेजरोड_मृणाल:

हळदीकुंकवाचं सांगणार होतात ना ताई? आमच्याकडेही मावशीचं असंच लपवणं चाललंय.

मखमलाबाद_रोड:

हो सांगते. यंदा संक्रांतीला सोसायटीतल्या आणि शाळेतल्या बायका बोलावल्या. वाण म्हणून हातरुमाल, आणि त्याच्यासोबत घरी छापलेला एक कागद. त्यावर एवढंच होतं की स्तनात किंवा काखेत गाठ लागली, दुखत नसली तरी, त्वचा खड्डा पडल्यासारखी ओढली गेली, संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत गेलं, बोंडातून रक्त आलं, तर लपवू नका, दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात पण ते डॉक्टरला ठरवू द्या. सगळ्या बसल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, मला टायफॉईड नव्हता, मला ब्रेस्ट कॅन्सर होता, एक स्तन काढलाय, आणि मी दुखत नाही म्हणून गाठ घेऊन बसणाऱ्या बायका वॉर्डात पाहिल्यात म्हणून आज बोलतेय.

एकदम शांतता. एका काकूंनी माझ्या हातचं हळदीकुंकू न घेता चपला घातल्या. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. पण माझी मुलगी, जिच्या लग्नासाठी सगळं लपवणं चाललं होतं, ती पुढे आली आणि माझ्या हातातलं तबक घेऊन म्हणाली, आईचं आजारपण लपवून ज्या घरात जावं लागेल ते घर मला नकोच. सासूबाईंनी काही न बोलता मला पहिलं कुंकू लावलं. मग बायका बोलायलाच लागल्या, एकीची बहीण, एकीची आई, प्रत्येकीच्या घरात काहीतरी दडपलेलं. जाता जाता शेजारची मागे थांबली, गणपतीपासून गाठ लागतेय म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेले. सोनोग्राफी, सुईची तपासणी, फायब्रोअ‍ॅडिनोमा निघाला, कॅन्सर नाही. चार महिने ती बाई एकटी घाबरत होती.

मला विचाराल तर आजारानंतर जे बदललं ते हे, की लोक काय म्हणतील याचं ओझं उतरलं. हे पुस्तकात वाचून होत नाही, मला तरी झालं नव्हतं.

आशाताई_दिंडोरी:

मी आशा वर्कर आहे, ताईंना साष्टांग नमस्कार. गावात आम्ही घसा कोरडा करतो तरी बायका तपासणीला येत नाहीत. सगळ्यांना सांगा, ३० च्या पुढच्या बायकांसाठी आरोग्य केंद्रात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात होते, पैसे लागत नाहीत. मशीनच पाहिजे असं नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये मुंबईचा टाटाचा अभ्यास सांगितला होता, दीड लाखाच्या वर बायका, २० वर्षं, शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तर ५० च्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ ला तो छापून आला. तो कागदाचा मजकूर इथे टाकाल का, आमच्या महिला मंडळात वाटते. आणि ज्यांना खर्चाचं टेन्शन आहे त्यांनी हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला ट्रीटमेंट सुरू करायच्या आधी भेटा, नंतर नाही.

कॉलेजरोड_मृणाल:

मावशीला आज धागा वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, ब्लाउजच्या आत काय लावतात? तिला बाहेर जायलाच नको वाटतं.

द्राक्षबाग_निफाड:

मी सुरुवातीला कापसाची गादी करून त्यात थोडी मोहरी घातली होती वजनाला, नुसता कापूस वर सरकतो. ऊन लागलं की घाम येतो एवढंच.

पंचवटीने_दादर:

सिलिकॉनचा मिळतो, वजन दुसऱ्या बाजूइतकं असतं म्हणून खांदा एकीकडे कलत नाही, पण महाग. लोकरीचे विणलेलेही मिळतात, हलके, उन्हाळ्यात बरे. कुठलाही घ्या पण आधी जखम आणि रेडिएशनची त्वचा पूर्ण बरी होऊ द्या. नेहमीच्या ब्रेसियरला आतून सुती कापडाचा खिसा शिवून घ्या, त्यात तो बसतो. मावशींना शिवणाऱ्या बाईला सांगायला लाज वाटत असेल तर मी शिवून देते, माप पाठवा.

मखमलाबाद_रोड:

आशाताई, मजकूर वेगळ्या कॉमेंटमध्ये टाकते आजच.

बाकी सगळ्यांना, नाशिकमधल्या ज्यांना जमेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला कृषीनगर ट्रॅकच्या गेटपाशी या. जमेल तेवढं चालू, नाही जमलं तर बाकावर बसू. सिडकोचे दादा, वहिनींना घेऊन या, नाही आल्या तर तुम्ही एकटे या. मृणाल, मावशींना रिक्षाने आण, पंचवटीच्या ताई खिशाचं कापड घेऊन येणार आहेत. चौतीसवाली, तुझ्या पांढऱ्या पेशी कमी असतील तर अजिबात गर्दीत येऊ नकोस, आम्ही तुला व्हिडिओ कॉल करतो, मुलालाही बसव शेजारी.

द्राक्षबाग_निफाड:

मी येते, पहाटेची एसटी आहे. द्राक्षं आणते, सगळ्यांनी नीट धुऊन खायची, फवारणी असते.